चूल, धुराडे आणि गॅस : मराठवाड्यातील घरगुती धूरनिर्गमनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वास्तूचा इतिहास लिहिताना भिंती, दरवाजे, तुळया आणि नक्षीकाम यांची नोंद अभ्यासक आवर्जून घेतात. घरात पेटणाऱ्या अग्नीचा धूर कोणत्या वाटेने बाहेर जात होता, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. वस्तुतः अग्नी घरात आणणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या अग्नीचे उत्सर्जन घराबाहेर काढणेही महत्त्वाचे आहे. या दुसऱ्या गोष्टीत कसूर झाली, तर तोच अग्नी घरातील माणसांच्या जिवावर उठतो.

थंड हवामानाच्या देशांत घर उबदार ठेवण्यासाठी तळघरात गॅसभट्टी बसवितात. ती बसविताना भट्टीला पुरेशी ताजी हवा मिळणे आणि जळून गेलेला वायू नळीवाटे घराबाहेर जाणे, या दोन गोष्टी तपासल्याखेरीज ती सुरू करू नये, असा दंडक तेथे आहे. मराठवाड्याच्या हवामानात अशा भट्टीची गरज नाही. परंतु चूल, गुऱ्हाळाचे चुलवाण, गॅसची शेगडी आणि अलीकडचा गॅस गिझर ही सर्व तिचीच भावंडे होत. हवा आत येणे आणि ज्वलनवायू बाहेर जाणे, हा या सर्वांपुढील प्रश्न एकच आहे.

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा आणि त्या परिसरासारख्या ग्रामीण मराठवाड्याला डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्याची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. पारंपरिक घरातील धूरनिर्गमनाच्या व्यवस्थेचे स्वरूप समजून घेणे.
२. विसाव्या शतकातील सुधारित चुलींच्या प्रयत्नांचा, विशेषतः हैदराबाद राज्यातील प्रयोगाचा, आढावा घेणे.
३. बांधकाम व इंधन यांत झालेल्या बदलांचा वायुवीजनावरील परिणाम तपासणे.
४. गॅसच्या साधनांच्या सुरक्षित मांडणीची आजची गरज स्पष्ट करणे.

माळवद आणि सानं

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे प्रामुख्याने माळवदाचे घर होय. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि किलचण, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, तर थंडीत उबदार. बाहेरच्या भिंतींना खिडक्या कमी आणि लहान असत. सुरक्षिततेचा विचार त्यामागे होताच. त्याशिवाय कडक उन्हाच्या प्रदेशात मोठ्या खिडक्या सोयीच्याही नव्हत्या.

अशा बंदिस्त घरात उजेड येण्यासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदालाच भोक ठेवीत. बोलीत त्यास 'सानं' म्हणतात. पावसात ते झाकता येई आणि एरवी उघडे राही. चुलीवरील तापलेली हवा हलकी होऊन वर चढे आणि सान्यातून बाहेर पडे. तिची जागा घेण्यासाठी दरवाजातून ताजी हवा आत येई. ज्याला आज आपण नैसर्गिक वायुवीजन म्हणतो, ते येथे कोणत्याही यंत्राविना घडत असे. घर बांधतानाच सान्याची जागा ठरत असल्यामुळे धुराची वाट हा घराचाच एक अवयव होता. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तथापि या व्यवस्थेचे गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. धूर सान्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी खोलीभर पसरत असे. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या आणि बाभळीची लाकडे हे येथील नित्याचे जळण. पावसाळ्यात ते ओले असे आणि धूर अधिकच होई. चुलीपुढे उकिडवे बसून फुंकणीने जाळ करणाऱ्या स्त्रीचे तोंड धुराच्या उगमापाशी असे, तर सानं तिच्या डोक्याच्या कितीतरी वर. छत काळे करून धूर निघून जाई, पण त्याआधी तो तिच्या छातीतून जाई. सान्याने घर वाचविले, स्वयंपाक करणारीला मात्र अर्धाच दिलासा दिला, असे म्हणावे लागते.

भट्टीचा धूर आणि चुलीचा धूर

याच प्रदेशात धुराची अधिक कार्यक्षम वाट लोकांना ठाऊक नव्हती असे नाही. उसाच्या गुऱ्हाळात रस आटविण्यासाठी जमिनीत चुलवाण खणतात, त्यावर काहील ठेवतात, एका बाजूने वाळलेली चिपाडे सारतात आणि दुसऱ्या बाजूला धुराडे उभारतात. धुराड्यातील तप्त वायूचा स्तंभ हलका असल्याने तो वर जातो आणि चुलवाणाच्या तोंडातून ताजी हवा ओढून घेतो. धुराडे जितके उंच आणि जितके गरम, तितकी ही ओढ अधिक. जाळ चांगला लागला नाही तर रस वेळेत आटत नाही आणि गूळ बिघडतो. म्हणून धुराड्याची निगा गुऱ्हाळात कोणीही टाळत नाही.

युरोपातही घरगुती धुराड्याचा शास्त्रीय विचार अठराव्या शतकाच्या अखेरीसच जोम धरू लागला. काउंट रमफर्ड यांनी १७९६ मध्ये धूर कोंडणाऱ्या शेकोट्यांवर निबंध प्रसिद्ध केला आणि धुराड्याचा गळा अरुंद करून ओढ कशी वाढवावी, हे दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशापासून काढलेला गॅस शहरांत आला. मुंबईत १८६५ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. या कोळसा-गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मुळातच असे. त्यामुळे त्याची गळतीसुद्धा प्राणघातक ठरत असे. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखविले, तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात खाणकामगारांच्या संदर्भात त्याचा सखोल अभ्यास केला.

वसाहतकालीन भारतात धुरासंबंधी कायदे झाले, परंतु त्यांचा रोख वेगळा होता. बंगालमध्ये १९०५ मध्ये आणि मुंबईत १९१२ मध्ये धूर-उपद्रव प्रतिबंधक कायदे करण्यात आले. कारखान्यांच्या भट्ट्यांतून निघून शहरावर पसरणारा काळा धूर हा त्यांचा विषय होता. बंगालच्या कायद्यात खासगी घरातील घरगुती वापराची चूल 'भट्टी'च्या व्याख्येतून वगळलेली होती. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कामाच्या ठिकाणचे वायुवीजन आणि धूळ-धूर यांविषयी मालकावर बंधने घातली. परळी तालुक्यातच १९७० च्या दशकापासून औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी उभी राहिली. त्यांच्या उत्सर्जनावर १९८१ च्या वायुप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमाची देखरेख आली. म्हणजे ज्या धुराशी उत्पादन आणि मजुरी निगडित होती, त्याला मालक होता, निरीक्षक होता आणि कायदा होता. चुलीपुढील काम हे मजुरीचे नव्हते. साहजिकच तेथील धुराला यांपैकी काहीच लाभले नाही.

हैदराबाद राज्यातील प्रयोग

घरगुती धुराकडे प्रथम लक्ष गेले ते ग्रामोद्योगाच्या चळवळीमुळे. महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. तेथे १९४० च्या दशकात विकसित झालेली 'मगन चूल' ही धुराड्यासह असलेली मातीची चूल होती. एकाच जाळावर अनेक भांडी आणि धूर थेट बाहेर, असे तिचे सूत्र होते.

मराठवाड्याच्या दृष्टीने याहून जवळचा प्रयोग हैदराबादेत झाला. बीडसह मराठवाड्याचे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होते. या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धूरविरहित चुलीची रचना सिद्ध केली आणि १९५३ मध्ये 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' ही इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही चूल 'हर्ल चूल' या नावाने ओळखली गेली. ती मातीचीच होती. मात्र जाळाचा मार्ग भांड्यांखालून नेऊन शेवटी नळीच्या धुराड्यात सोडलेला होता. धूर, काजळी, उष्णता, इंधनाचा अपव्यय आणि आगीची भीती या पाचांपासून स्त्रियांची मुक्तता, असे या चुलीचे उद्दिष्ट राजू यांनी मांडले होते. राजकीय स्वातंत्र्य नुकतेच मिळाले असताना आणि हैदराबाद मुक्तीला जेमतेम पाच वर्षे झाली असताना, एका अभियंत्याने मुक्तीचा शब्द स्वयंपाकघरापर्यंत नेला, याची नोंद प्रादेशिक इतिहासाने घ्यावयास हवी.

वैद्यकीय पुरावाही याच दशकात पुढे येऊ लागला. डॉ. एस. पद्मावती आणि त्यांचे सहकारी पाठक यांनी १९५९ मध्ये दिल्लीतील फुप्फुसजन्य हृदयविकारावरील अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्येही हा विकार मोठ्या प्रमाणात आढळला, तेव्हा चुलीच्या धुराकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पुढे किर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणाऱ्या धुराचे प्रत्यक्ष मोजमाप केले आणि १९८३ मध्ये ते प्रसिद्ध केले. घरातील हवा ही बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी दूषित असू शकते, हे त्यातून निर्विवादपणे पुढे आले.

राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आणि त्याच्या मर्यादा

केंद्र शासनाने १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. जंगलतोड व इंधनटंचाई ही त्यामागील प्रमुख चिंता होती. आरोग्याचा हेतूही त्यास जोडलेला होता. २००२ मध्ये केंद्राने हा कार्यक्रम थांबविला, तोपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली होती. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' अर्थात समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली या क्षेत्रात उल्लेखनीय कार्य केले. धुराडे जोडलेली 'लक्ष्मी' चूल हे त्याचे परिचित उदाहरण होय.

तीन कोटी हा आकडा प्रभावी असला, तरी तो बसविलेल्या चुलींचा आहे, वापरात राहिलेल्या चुलींचा नव्हे. धुराडे काजळीने भरते. ठरावीक काळाने ते झाडले नाही, तर ओढ मंदावते आणि धूर पुन्हा चुलीच्या तोंडातून खोलीत येतो. नळी फुटली, पावसाचे पाणी आत आले किंवा माळवदाला भोक पाडल्यामुळे घर गळू लागले, की धुराडे काढून टाकले जाई. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात दीर्घकाळ केलेल्या अभ्यासातही हेच दिसून आले. पहिल्या वर्षी धुराचा संपर्क कमी झाला, परंतु देखभाल न राहिल्याने तो लाभ पुढे टिकला नाही. अनुदान चूल बसविण्यास होते. धुराडे झाडण्यास नव्हते. ज्या अपयशाचे खापर पुष्कळदा स्त्रियांच्या 'अनास्थे'वर फोडले जाते, ते वास्तविक कार्यक्रमाच्या रचनेतच होते, असा निष्कर्ष काढण्यास येथे जागा आहे.

भूकंप, स्लॅब आणि हरवलेले सानं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने मराठवाड्याच्या घरबांधणीचा इतिहासच बदलला. आठ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे प्रचंड वजन हे या मनुष्यहानीचे मुख्य कारण ठरले. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावांचे पूर्णतः पुनर्वसन करण्यात आले. माळवदाचा लोकांनी धसका घेतला. सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबचे किंवा पत्र्याचे घर हेच सुरक्षित, ही धारणा बाधित गावांच्या पलीकडेही रुजली. या बदलास भूकंप हे एकमेव कारण नव्हते. चांगल्या लाकडाची टंचाई, माळवदाची दरवर्षीची डागडुजी आणि प्रतिष्ठेची नवी कल्पना हीही कारणे होती.

भूकंपाच्या दृष्टीने हा बदल इष्टच होता. परंतु त्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात न येता नाहीशी झाली. स्लॅबला भोक ठेवीत नाहीत. ठेवल्यास तो गळतो. माळवदाबरोबर सानं गेले, त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. आता घरात चूल पेटवायची तर धूर कोंडतो. म्हणून चूल अंगणात, पडवीत किंवा मागील पत्र्याच्या आडोशाला गेली आणि आत शेगडी आली. भूकंपरोधक घराचा आराखडा करणाऱ्याने भिंतीचा विचार केला, छताचा केला. श्वासाचा विचार करणे हे त्याच्या कामात बसत नव्हते.

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारली गेली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या वायुवीजनाचे किमान निकष तिच्यात आहेत. मात्र ती मूलतः शिफारसवजा असून स्थानिक संस्थेने आपल्या नियमांत अंतर्भूत केल्यावरच बंधनकारक ठरते. जेथे घर गवंड्याच्या अनुभवावर आणि मालकाच्या ऐपतीवर उभे राहते, त्या गावात ही संहिता पोहोचत नाही.

गॅसचे आगमन

बाटलीबंद द्रवरूप पेट्रोलियम वायू १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेल कंपनीने मुंबईत घरगुती वापरासाठी आणला. १९६५ मध्ये इंडियन ऑइलचा 'इंडेन' सुरू झाला. तरीही पुढील अनेक दशके गॅस ही शहरी मध्यमवर्गाचीच सोय राहिली. जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. २०११ च्या जनगणनेत देशातील २८.५ टक्के कुटुंबांचे मुख्य इंधन हा गॅस होता. १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली. या योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी तत्कालीन औरंगाबाद येथे, म्हणजे मराठवाड्यातच, प्रदान करण्यात आली. स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे देशातील प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मधील ४३.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्क्यांवर गेले.

ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु जोडणी मिळणे आणि धूर थांबणे या दोन भिन्न गोष्टी होत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. तेथे ते कोपीत राहतात. तीन दगडांची चूल कोपीच्या तोंडाशी मांडली जाते आणि पाचटाच्या त्या खोपट्यात धुराचा व आगीचा धोका बरोबरीने वास करतो. गावातील घरी सिलिंडर असले, तरी वर्षातील पाच-सहा महिने ते त्यांच्या उपयोगाचे नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्राची मुभा मिळाली, हे त्या दिशेने पडलेले पाऊल होय. तथापि रिकामे सिलिंडर भरून घेण्याचा खर्च आणि कोपीतील असुरक्षित मांडणी हे प्रश्न त्याने सुटत नाहीत.

गॅसचा धूर दिसत नाही

गॅस स्वच्छ आहे, म्हणून त्याला धुराड्याची गरज नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अर्धसत्य आहे. घरगुती गॅसमध्ये, जुन्या कोळसा-गॅसप्रमाणे, कार्बन मोनॉक्साइड मुळात नसतो. हवा पुरेशी मिळाल्यास जळताना प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निर्माण होते. हवा अपुरी पडली, की अपूर्ण ज्वलन होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हिमोग्लोबिनला चिकटण्याची त्याची क्षमता प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. त्याला रंग नाही आणि वासही नाही. गॅसला येणारा उग्र वास हा गळती कळावी म्हणून मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो. जळून गेलेल्या वायूत तो उरत नाही. म्हणून 'वास येत नाही, म्हणजे धोका नाही' हा तर्क न्हाणीघरात जीवघेणा ठरू शकतो.

गॅस गिझरच्या संदर्भात हे साध्या हिशेबाने स्पष्ट होते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गिझर सुमारे १० ते १३ किलोवॉट उष्णता वापरतो. पंधरा मिनिटांत त्यात २०० ते २५० ग्रॅम गॅस जळतो आणि त्यासाठी अडीच ते तीन घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा न्हाणीघरात एकूण हवाच साधारण साडेपाच घनमीटर असते. म्हणजे दार-खिडकी बंद करून केलेल्या एका आंघोळीत जवळजवळ निम्म्या हवेतील प्राणवायू गिझर ओढून घेतो. पाठोपाठ दुसऱ्या व्यक्तीने आंघोळ केली, तर तिच्यासाठी काय उरते, हे सांगण्याची गरज नाही. हिवाळ्यात खिडकी बंद ठेवली जाते, म्हणून हिवाळ्यातच असे मृत्यू अधिक घडतात. न्हाणीघरात अचानक बेशुद्ध होणे वा झटके येणे या घटनांना अपस्मार समजून उपचार झाल्याची आणि मागाहून कारण गॅस गिझर असल्याचे निष्पन्न झाल्याची उदाहरणे भारतीय मज्जाविकारतज्ज्ञांनी नोंदविली आहेत.

या पार्श्वभूमीवर सुरक्षित मांडणीची तत्त्वे थोडक्यात अशी सांगता येतील. गिझर न्हाणीघरात न बसविता बाहेर मोकळ्या जागेत बसवावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत आणावी. हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. तसे अशक्यच असेल, तर ज्वलनवायू थेट बाहेर नेणारी नळी गिझरला असावी. ती आखूड व वर चढत जाणारी असावी आणि तिचे तोंड खिडकीपासून दूर, पावसापासून आडोसा केलेले असावे. खोलीला कायम उघडी राहणारी दोन छिद्रे हवीत, एक जमिनीलगत आणि एक छतालगत. गळालेला गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने तो तळाशी साचतो. जळलेला गरम वायू मात्र वर जातो. वरच्या छिद्राने एकाचेच काम होते. हवा आत येण्याची वाट नसताना बाहेर फेकणारा पंखा लावला, तर तो नळीतील ओढ उलटी करून विषारी वायू खोलीतच खेचू शकतो. ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली किंवा भांड्याला काजळी धरू लागली, तर हवा कमी पडते आहे असे समजून साधन तपासून घ्यावे. एकाच वेळी घरातील अनेकांना डोकेदुखी, मळमळ वा चक्कर जाणवली, तर प्रथम सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, गॅस बंद करावा आणि रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

शेगडीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. सिलिंडर उभे ठेवावे, शेगडी त्याहून उंचावर असावी, रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी आणि खिडकी असल्यास ती स्वयंपाकाच्या वेळी उघडी असावी. गळतीचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मराठवाड्याच्या पारंपरिक घरात धुराची वाट हा बांधकामाचाच भाग होता. ती अपुरी होती, परंतु ती ठेवणे ही घर बांधणाऱ्याची जबाबदारी मानली जात असे.

२. गुऱ्हाळ, कारखाना व वीज केंद्र येथे धुराड्याचे तंत्र आणि त्याचे नियमन दोन्ही विकसित झाले. घरातील धूर मात्र दीर्घकाळ कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला, कारण त्यात काम करणाऱ्या स्त्रीचे श्रम मोजले जात नव्हते.

३. हैदराबाद राज्यातील १९५३ च्या प्रयोगापासून २००२ पर्यंतच्या राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत चुलीच्या रचनेवर भर राहिला. धुराड्याच्या देखभालीची व्यवस्था उभी राहिली नाही आणि त्यामुळे मिळालेले लाभ टिकले नाहीत.

४. १९९३ नंतर वेगाने झालेल्या बांधकामबदलात सानं नाहीसे झाले. त्यानंतर आलेल्या गॅसच्या साधनांना वायुवीजन नसलेल्या खोल्या मिळाल्या.

५. आज गवंडी घर बांधतो, गॅस वितरक जोडणी देतो आणि नळकारागीर गिझर बसवितो. या तिघांपैकी हवेची वाट तपासण्याचे काम कोणाकडेच निश्चितपणे सोपविलेले नाही. अपघातांचे मूळ यंत्रापेक्षा या रिकाम्या जागेत अधिक आहे.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती धुराच्या प्रदूषणामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे एखाद्या सिरसाळ्यातील एका न्हाणीघराची खिडकी क्षुल्लक वाटेल. परंतु हा आकडा अशाच खोल्यांचा बनलेला आहे, आणि या प्रश्नावरचा उपाय कित्येकदा भिंतीतील वीतभर रुंदीच्या भोकाइतका स्वस्त असतो. ग्रामपंचायतीने घरकुलाचा अंतिम हप्ता देण्यापूर्वी स्वयंपाकघर व न्हाणीघराला कायम उघडी राहणारी छिद्रे आहेत की नाहीत, एवढे पाहिले, आणि गिझर विकणाऱ्याने ती असल्याखेरीज तो बसवून देऊ नये असा नियम झाला, तरी पुष्कळ जीव वाचतील.

महाविद्यालयांचाही यात वाटा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून दत्तक गावातील घरांच्या वायुवीजनाचे सर्वेक्षण करणे विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. इतिहास व भूगोल विभागांनी उरल्यासुरल्या माळवदांची, त्यांच्या सान्यांची आणि त्यांविषयीच्या बोलीतील शब्दांची नोंद आताच करून ठेवली पाहिजे. माळवद झपाट्याने नाहीसे होत आहे; ज्या स्त्रियांनी त्या सान्याखाली आयुष्यभर स्वयंपाक केला, त्यांच्या आठवणी हे या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत लवकर हरपणारे साधन आहे. त्या नोंदविल्या गेल्या, तर जुन्या घराने काय साधले आणि नव्या घरात काय राहून गेले, याचा हिशेब पुढील पिढीस अधिक नेमकेपणाने मांडता येईल.